पपी घरी येण्याआधीचे आठवडे : नेरूळ, दुसरा मजला, लिफ्ट नाही

आमच्याकडे टिकली आली त्याला आता काही महिने झाले. दोघांची नोकरी, मुलाची शाळा, घरात सासूबाई आणि त्यात कुत्र्याचं पिल्लू, हे कसं जमवलंत असं ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. माझं मत पक्कं आहे, बेड, बाऊल, खेळणी हे पिल्लू आल्यावर दुसऱ्या दिवशीही मिळतं, पण रात्री कोण उठणार आणि दुपारी घरी कोण असणार हे ते यायच्या आधीच ठरलेलं पाहिजे.

आमची सिडकोची जुनी बिल्डिंग आहे. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कुत्री व्याली, तिला रोज खायला घालणाऱ्या एक काकू आहेत, त्यांच्याकडूनच टिकली घेतली. मादी पिल्लू नको म्हणतात लोक, नर पटकन जातात, म्हणून आमचं आधीच ठरलं होतं की मादीच घ्यायची. पिल्लांचे डोळे उघडले तशी लगेच न्यायला माणसं यायला लागली पण काकूंनी ८ आठवडे व्हायच्या आत एकही पिल्लू कोणाला दिलं नाही. मला म्हणाल्या, "अगं, भावंडांशी मस्ती करतानाच कळतं त्यांना की किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, ते शिकू देत आधी." आणि ते खरंच आहे, ब्रीडरनेसुद्धा ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा केंद्राचा २०१७ चा नियम आहे. आम्हाला त्यामुळे तयारीला भरपूर वेळ मिळाला.

पहिलं काम टाइमटेबल. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, तो उशिरा येतो, म्हणून झोपायच्या आधीची आणि मध्यरात्रीची शू त्याच्याकडे. पहाट माझी. शाळेतून आल्यावर खेळवायचं काम मुलाचं, दुपारचं खाणं आईंकडे. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, आणि झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की त्याला लगेच लागते, त्यामुळे हे सगळं घड्याळ लावूनच करावं लागतं. मग आम्ही काय केलं, पिल्लू घरात नसतानाच हे टाइमटेबल चालू केलं, रात्रीचे अलार्मसुद्धा. त्यात लक्षात आलं की गुरुवारी आई भजनाला जातात, मी महापेला आणि नवरा ऐरोलीला, दुपारभर घरात कोणीच नाही. मी मॅनेजरशी बोलून गुरुवार वर्क फ्रॉम होम करून घेतला. हे पिल्लू आल्यावर कळलं असतं तर फार ओढाताण झाली असती.

मग घर. मी आणि मुलगा सगळ्या खोल्यांमधून अक्षरशः रांगत फिरलो, कारण उभं राहून बघितलं की पिल्लाच्या तोंडाशी काय येतं ते दिसतच नाही. टीव्हीमागच्या वायरी केसिंगमध्ये घातल्या. आई रोज रात्री मनुका भिजत घालतात आणि ती वाटी टीपॉयवर असते, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला किडनी फेल होण्याइतकी घातक ठरू शकतात, त्यामुळे वाटीची जागा आता किचनच्या वरच्या फळीवर. कांदा, लसूण, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, हे सगळं त्याच यादीत. देवघर खाली होतं ते उंचावर घेतलं, कारण कापूर पोटात गेला तर विष आहे. बाथरूममधल्या आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या सरळ काढून टाकल्या. तापाच्या आणि दुखण्याच्या आपल्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, आईंच्या उशाशी असायच्या त्या ड्रॉवरमध्ये गेल्या, कुत्र्याला ताप आला म्हणून आपली गोळी अर्धी करून देणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं कधीच करू नका. गॅलरीतलं अडेनियम, सदाफुली आणि डिफेनबाकिया कुत्र्याला विषारी म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनींना दिलं, तुळस आणि मोगरा ठेवला. गॅलरीच्या ग्रिलमधून पिल्लाचं डोकं आरामात जात होतं, हार्डवेअरवाल्याकडून जाळी आणून खालून दोन-अडीच फुटापर्यंत बांधून घेतली. आणि टाइल्स. त्यावर पिल्लाचे पाय घसरत राहिले तर वाढत्या सांध्यांना चांगलं नाही, म्हणून हॉलमध्ये रबरी बॅकिंगच्या मॅट टाकल्या, दिसायला छान नाहीत पण राहू देत.

पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा एक जीवघेणा व्हायरसचा आजार, त्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये तो खूप असतो आणि पिल्लं बघता बघता जातात. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि त्यांना उग्र वास. हा व्हायरस जमिनीत महिनोन्महिने टिकतो, आपल्या चपलांबरोबर घरात येतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. ब्लीचने मरतो, १ भाग ब्लीच ३० भाग पाणी, आधी फरशी साबणाने धुवायची मग हे पाणी टाकून १० मिनिटं ओलं ठेवायचं, मग स्वच्छ धुऊन वाळवायचं. आम्ही गॅलरी आणि दाराबाहेरचा पॅसेज असा धुतला, आणि टिकलीचे लसीचे सगळे डोस होईपर्यंत चपला बाहेरच, पाहुण्यांच्यासुद्धा. जास्त काळजी वाटत असेल लोकांना, वाटू दे, मी परत हेच करेन.

सोसायटीत आम्ही आधीच जाऊन बोललो. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला मेजॉरिटीनेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, वेगळे पैसे मागता येत नाहीत. त्याचा प्रिंटआउट माझ्या पर्समध्ये होता पण काढावा लागला नाही, कारण मी सेक्रेटरींकडे जायच्या आधी शेजाऱ्यांकडे गेले. पहिल्या मजल्यावरच्या आजींना कुत्र्याची मनापासून भीती वाटते. त्यांच्याशी ठरवलं की टिकलीला कायम बेल्टवर नेणार आणि त्या संध्याकाळी देवळातून येतात त्या वेळेला जिन्यात आणणारच नाही. हक्क आपला आहे हे खरं, पण जिना त्यांचाही आहे ना.

शेवटच्या आठवड्यात काकूंकडे जुन्या गोधडीचा एक तुकडा देऊन ठेवला, तो पिल्लं आणि आईजवळ पडून होता, त्याला सगळ्यांचा वास लागला. जानेवारीत टिकलीला आणलं तेव्हा तीच गोधडी आमच्या बेडशेजारी अंथरली. रडली थोडी, हात खाली सोडला की झोपायची. पिल्लाला पहिल्या रात्री वेगळ्या खोलीत कोंडून "सवय होऊ दे" म्हणणारे सल्ले आम्हालाही खूप मिळाले, मला ते अजिबात पटत नाही, आईपासून नुकतंच तोडलेलं बाळ आहे ते.

डोस पूर्ण नसताना खाली नेता येत नाही, म्हणून शू-शी गॅलरीच्या एका कोपऱ्यात पेपरवर. योग्य जागी केली की त्याच क्षणी कौतुक आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा, घरात कुठे झाली तर ओरडायचं नाही, पुसायचं. पण पुसायला अमोनियावालं काही नको, त्याचा वास शूसारखाच, मग परत तिथेच होते, एन्झाइमवाला क्लीनर घ्या. पुढे पेपरच्या जागी माती भरलेला ट्रे ठेवला म्हणजे नंतर खाली मातीवर करायची सवय सोपी गेली. खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आईंना दूध-चपाती द्यायची फार इच्छा होती, पण दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. व्हेटने स्वतः त्यांना नीट समजावलं, आता आई तिला गाजर देतात, दात येताना थंडगार गाजर तिला फारच आवडायचं.

खाली न्यायचं नाही म्हणजे घरात कोंडायचं असं नाही हां. साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघेल, ऐकेल ते त्याला नॉर्मल वाटायला लागतं, हा काळ परत येत नाही. म्हणून ओढणीची झोळी करून कडेवर घेऊन आम्ही तिला स्टेशनपर्यंत, भाजीवाल्यांपर्यंत, पाम बीच रोडच्या ट्रॅफिकपर्यंत नेलं, जमिनीला पाय लावू न देता. घरात मिक्सर, कुकरची शिट्टी, आणि फटाक्यांचे आवाज फोनवर अगदी बारीक लावून सोबत खाऊ, कारण दिवाळी येणारच आहे. एकटं राहायची सवयही अशीच हळूहळू, आधी दाराबाहेर फक्त मिनिटभर, मग जिना उतरून येणं, मग दळण टाकून येणं. कामाच्या मावशी कुत्र्याला घाबरायच्या, त्या येतात तेव्हा टिकली बेडरूममध्ये, त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय बाहेर सोडली नाही. मुलाला एकच नियम, ती झोपली असेल किंवा खात असेल तर हात लावायचा नाही.

लसींचं गणित असं, पहिला डोस आल्याबरोबर, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर ४ महिन्यांची होईपर्यंत, ३ महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस घ्याच, आपल्याकडे पावसात पाणी साचतं आणि उंदीर किती आहेत ते वेगळं सांगायला नको. मध्ये जंताचं औषध चालूच. रेबीजचं सर्टिफिकेट मिळाल्यावर महापालिकेचा परवाना काढला. पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा उन्हाळा लागला होता, त्यामुळे वॉक सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य मावळल्यावर, आणि आधी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला पाच सेकंद धरवत नसेल तर तिचे पाय भाजणार. गोचिड्यांसाठी परत आल्यावर रोज कान आणि बोटांच्या मधलं बघते.

तिच्या आईची नसबंदी काकूंनी पिल्लं सुटल्यावर करून घेतली. टिकलीची आता पावसाच्या आधी करायची आहे, व्हेटशी बोलणं झालंय, ऑपरेशननंतर टाके चाटू न देता तिच्याजवळ बसावं लागतं, पहिले चार दिवस माझी सुट्टी मंजूर झाली आहे आणि पुढचे नवऱ्याने घेतलेत.