पंखा नाही, दोरी नाही, मग फ्लोट वर येतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात खालीवर करत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारं, कुणी चालवत नसलेलं उपकरण. त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याला ना पंखा ना दोरी, मग दोन किलोमीटर खाली जाऊन हा परत वर येतो कसा? आणि त्याला लागूनच दुसरा: उपग्रह असताना हा खटाटोप कशाला?

दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. इन्फ्रारेड उपग्रहाला समुद्राचा मिलिमीटरहून पातळ थर दिसतो, तोही ढग नसतील तर. पावसाळ्यात आपल्याकडे ढग असतातच. मायक्रोवेव्ह ढगांतून पार जातं, पण पाण्यात शिरत नाही. चक्रीवादळाला जोर मिळतो तो मात्र वरच्या पन्नास-शंभर मीटर पाण्यात साठलेल्या उष्णतेतून, आणि ती मोजायला पाण्यात उतरावंच लागतं. 2007 साली जगभरात असे 3000 फ्लोट झाले, आज सुमारे 4000 आहेत. आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था पाहते.

आता पहिला प्रश्न. फ्लोट म्हणजे पंचवीसेक किलोची बंद नळी. आत बॅटऱ्या, सर्किट, तेल आणि पंप. तळाशी बाहेरच्या बाजूला रबरी पिशवी. पंपाने तेल पिशवीत ढकललं की वजन तेवढंच राहतं पण आकारमान वाढतं, आणि नळी वर सरकते. तेल आत ओढलं की खाली. यंत्र एवढंच, खरी गंमत हिशेबात आहे.

अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर एक लिटर पाणी साधारण 1.0235 किलो भरतं, दोन हजार मीटरवर 1.037 किलो. म्हणजे पंचवीस किलोच्या फ्लोटला वर तरंगायला 24.43 लिटर जागा व्यापावी लागते आणि खाली 24.11. फरक जेमतेम 320 मिलिलिटर. त्यातलाही काही भाग नळी स्वतःच भरून काढते, कारण वातावरणाच्या दोनशे पट दाबाखाली ती किंचित दबते आणि वर येताना पूर्ववत होते. मात्र ती पाण्याहून कमीच दबली पाहिजे. तशी असली की खाली जाताना भोवतालचं पाणी तिच्यापेक्षा लवकर दाट होत जातं, आणि जिथे दोघांची घनता जुळते तिथे ती पंप न चालवता स्थिर राहते. पाण्याहून जास्त दबणारी नळी केली तर एकदा निघाली की थेट तळाला.

नेहमीचा फेरा दहा दिवसांचा. त्यातला बहुतेक काळ 1000 मीटरवर प्रवाहाबरोबर वाहायचं, मग 2000 ला उतरायचं आणि सेकंदाला दहाएक सेंटिमीटरने वर येत तापमान, क्षारता, दाब मोजायचा. वर यायला साडेपाच तास लागतात. खोलवर तेल ढकलणं बॅटरीला फार महाग पडतं, म्हणून आधी थोडंच ढकलतात. वेग मंदावला की आणखी थोडं. वर आल्यावर जीपीएसने जागा घ्यायची, उपग्रहाला माहिती द्यायची आणि परत बुडी.

बंगालचा उपसागर या हिशेबाची परीक्षा पाहतो. पावसाळ्यानंतर उत्तरेकडे नद्यांच्या पाण्याने वरचा थर इतका हलका होतो की लिटरला 1.018 किलोच भरतं. अरबी समुद्राच्या मानाने त्याच फ्लोटला आणखी सव्वाशे-दीडशे मिलिलिटर आकारमान लागतं. पिशवीत तेवढी जागा नसली तर तो गोड्या थराखाली अडकतो. यंत्र धडधाकट, मोजणी झालेली, पण अँटेना पाण्याबाहेर येत नाही म्हणून निरोप नाही. फ्लोट कुठल्या समुद्रात जाणार हे कारखान्यात वजन जुळवतानाच सांगायला हवं ते यासाठी.

सोडताना धांदल करू नये. आधी स्वयंचाचणी, आतली निर्वात पातळी ठीक आहे ना, ते बघायचं. मग सेन्सरवरची टोपी आणि प्लग काढायचे. प्लग राहिला की पाणी सेन्सरमध्ये जात नाही आणि अख्खा फ्लोट फुकट. जहाज एक-दोन नॉटवर आणून मागच्या बाजूने, दोरीवर सावकाश उतरवायचा. फेकायचा नाही.

तरीही माझ्या मते सगळ्यात अवघड काम फ्लोट पाण्यात गेल्यावर सुरू होतं. तापमान वर्षानुवर्षं चोख मिळतं, क्षारता नाही. ती विद्युतवाहकतेवरून काढतात, आणि वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत जैविक थर बसला की क्षारता कमी दिसू लागते. उलट काही सेन्सर बनावटीतल्या दोषाने जास्त दाखवतात. थर बसू नये म्हणून नळीच्या तोंडाशी विषारी गोळ्या असतात, आणि पृष्ठभागावरचा तवंग आत जाऊ नये म्हणून सेन्सरचा पंप शेवटच्या पाचेक मीटरवर बंद होतो. चूक पकडायची तर खोल पाण्याशी ताडून पाहायचं, कारण तिथली क्षारता फारशी बदलत नाही. अरबी समुद्रात मात्र पातळी जपून निवडावी लागते: तीनशे मीटरच्या आसपास इराणच्या आखाताचं खारट पाणी शिरलेलं असतं, सहाशे-आठशेवर तांबड्या समुद्राचं. तिथे ताडलंत तर चांगला सेन्सर बिघडलेला वाटेल. हजाराच्या खाली जा. हे सगळं तपासून पक्के आकडे यायला वर्षभर लागू शकतं. चोवीस तासांत मिळणारे आकडे हवामानाच्या अंदाजाला पुरतात, समुद्र किती खारट होतोय हे सांगायला नाही.

कोकणच्या मच्छीमाराला याचा थेट उपयोग थोडा. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ मंच शेकडो किलोमीटर पसरलाय, तिथे फ्लोट तळालाच टेकेल. लाटा मोजायला किनाऱ्याजवळ नांगरलेले बॉय, म्हणजे तरंगते मापक, वेगळे.

वाहत आलेला फ्लोट जाळ्यात किंवा पुळणीवर सापडला, तर उघडू नका. पाणी झिरपलेल्या फ्लोटमध्ये बॅटऱ्यांमुळे वायू साठून दाब वाढलेला असू शकतो आणि झाकण गोळीसारखं उडतं. सावलीत ठेवा, अंगावरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि इन्कॉइसला किंवा मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा.