ताई, तिकडच्या बायकांना काय शिकवलंत?

झांझिबारहून परत आल्यापासून बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यात बारा वर्षं गटांचं काम केल्यावर मी सहा महिने टांझानियातल्या झांझिबारच्या उंगुजा या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून राहिले. पाजे, जांबियानी ही तिथली गावं. तिथल्या बायका १९८९ पासून समुद्रशेवाळाची शेती करतात. वाळूत खुंट्या, खुंट्यांना दोर, दोराला शेवाळाच्या जुड्या. उधाणाच्या ओहोटीला पाणी लांब मागे सरलं की कामाला जुंपायचं. त्यामुळे गटाची बैठकही भरती-ओहोटी बघून ठरते. कोकणातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गटाची पत्र्याची पेटी असते. तिला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. ही पद्धत १९९१ साली नायजर देशात सुरू झाली आणि पुढे आफ्रिकाभर पसरली. आपल्याकडे नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला घेतले. आपला पैसा बँकेत जातो. त्यांचा पेटीत राहतो आणि वर्ष भरलं की जिचा तिला वाटून टाकतात. बचतीच्या वाट्याला, म्हणजे शेअरला, त्या स्वाहिली या आपल्या भाषेत ‘हिसा’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’, कुलपाला ‘कुफुली’. पहिल्याच बैठकीत हे शब्द कानावर पडले आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या आठवड्यात मात्र चूक केली. रोकड ताळ्यात आहे का ते बघावं म्हणून मधल्याच दिवशी पेटीवालीच्या घरी गेले. तिने पेटी आणून चटईवर ठेवली, तिन्ही कुलपांवरून एकेक बोट फिरवलं आणि म्हणाली, किल्ली माझ्याकडे नाही, आणि असती तरी सगळ्याजणी बसल्याशिवाय मी उघडली नसती. मला लाज वाटली. आपल्याकडे एक चांगला गट मोडताना मी पाहिला आहे. वही एकट्या सचिवाच्या हातात होती, बाकीच्या फक्त अंगठा उठवत होत्या.

तिथे जितके हिसे घेतले तितके शिक्के पासबुकात उमटतात. लिहिता-वाचता न येणारीही ते मोजू शकते. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगतात, सगळ्याजणी ती पाठ करतात आणि पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी म्हणून दाखवतात. हे मी इकडे दोन गटांत सुरू केलंय. गेल्या महिन्यात एका आजींनी सांगितलेली शिल्लक वहीशी जुळेना. पुन्हा बेरीज केली, तर चूक वहीत निघाली.

आता मी काय शिकवलं? एकच गोष्ट. वाळलेल्या शेवाळाचा किलोचा भाव त्यांना तोंडपाठ होता, पण दिवसाची मजुरी किती पडली हे कुणी मांडलं नव्हतं. दोर, खुंट्या, पाण्यात घालवलेले दिवस, सगळं धरून आम्ही एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचा हिशेब लिहिला. आकडा फार कमी निघाला. तो व्यापाऱ्यापुढे मांडायचं बायकांनी आपसांत ठरवलं, मी नाही.

तुमच्यापैकी दोघींनी ‘आम्हीही जाऊ का?’ असं विचारलंय. जरूर जा. पण आधी कामापुरती स्वाहिली शिका, आणि प्रशिक्षक तिथलीच बाई असेल, तुम्ही तिच्या हाताखाली असाल, अशाच ठिकाणी जा. दर आठवड्याला ती येणार आहे. तुमचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.