फेरिटिन वाढलेलं निघालं तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्याच्या रक्तात लोह जास्त निघालं तर लोक काय म्हणणार? "मर्दा, भट्टीजवळ उभारून अंगातच ओतकाम झालं की तुझ्या!" शिफ्टमध्ये सगळ्यांनी हेच ऐकवलं. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत भट्टीला निर्दोष सोडलं.

कंपनीच्या तपासणीत यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली आली, म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासलं, तर ते हजाराच्या वर. पण फेरिटिन सूज, दारू, यकृतातली चरबी अशा कशानंही वाढतं, त्यामुळं नुसत्या त्या आकड्यानं घाबरून जाऊ नका. खरी बघायची ती ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफरिन हे प्रथिन किती टक्के भरलंय ते. पहिल्या लॅबनं नुसतं सीरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, करून हातात दिलं; टीआयबीसी, म्हणजे रक्त एकूण किती लोह धरू शकतं ते, गाळलंच. ते नसेल तर टक्केवारी कशी काढायची? परत उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं. 45 टक्क्यांच्या वर गेलं की शंका घेतात. माझं 80 च्या पुढं.

डॉक्टर धारवाडकडचे. मराठीला कानडी हेल, पण समजावून सांगायची हौस दांडगी. रिपोर्टच्या पाठीवरच चित्र काढलं. ट्रान्सफरिन हे यकृतच बनवतं. एका रेणूवर लोहाचे दोन अणू बसतात. यकृताच्या पेशीवर त्याला धरणारे रिसेप्टर असतात. भरलेलं ट्रान्सफरिन चिकटलं की पेशीचा पडदा तिथं आत दुमडतो आणि दोघंही एका पिशवीत बंद होऊन आत जातात. पिशवीतला पीएच 7.4 वरून 5.5 च्या आसपास उतरतो, म्हणजे आत आम्लपणा वाढतो, तशी लोहावरची पकड सुटते. ट्रान्सफरिन मोडीत निघत नाही. रिकामं होऊन, रिसेप्टरला धरूनच वर येतं, रक्ताचा पीएच लागला की सुटतं आणि परत माल भरायला मोकळं. आमची ट्रॉली कास्टिंग उतरवून लाइनीवर परत जाते, अगदी तसंच.

"मग पेशी नको तेवढं घेते कशाला?" मी विचारलं. पेशीत लोह पुरेसं झालं की ती हे रिसेप्टर कमी बनवते, म्हणजे तिच्याकडून कसूर नाही. पण रक्तातलं ट्रान्सफरिन भरत आलं की जादाचं लोह त्याच्याशिवायच हिंडतं आणि झिप14 नावाच्या वेगळ्याच वाहकातून पेशीत शिरतं. त्याला असा आवर बसत नाही. यकृताचं नुकसान होतं ते इथं.

यकृतात ट्रान्सफरिनचा आणखी एक रिसेप्टर असतो, दोन नंबरचा. त्याचं मुख्य काम ओढून घ्यायचं नाही, अंदाज घ्यायचं. रक्तात भरलेलं ट्रान्सफरिन वाढलं की तो यकृताला हेप्सिडिन सोडायला लावतो आणि हेप्सिडिन आतड्यातून येणारं लोह अडवतं. माझ्या जनुक चाचणीत बिघाड निघाला तो नेमका याच रिसेप्टरच्या जनुकात, दोन्ही प्रतींत. लोह साठत जाण्याच्या या आजाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. त्याचं नेहमीचं कारण, म्हणजे उत्तर युरोपातल्या लोकांत सर्रास सापडणारा एचएफई या दुसऱ्या जनुकातला बदल, आपल्याकडं क्वचितच दिसतो.

"आई-वडील नात्यातले काय?" पुढचा प्रश्न. खानापूर भागात मामाची मुलगी करून घेणं काही नवं नाही. बाबांनीही तेच केलंय. आई शेजारीच बसलेली. "म्हणजे आता माझ्या माहेरावर आलं होय!" डॉक्टरांनी हसत सांगितलं, तसं नाही, एक प्रत आईकडून, एक बाबांकडून, वाटणी सारखीच.

उपचार ऐकून हसाल: रक्त काढून टाकायचं. साधारण 450 ते 500 मिली, त्यात 200 ते 250 मिलिग्रॅम लोह. नवं रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह उचलतं. सुरुवातीला दर आठवड्याला. सुई जाडी असते, हातात दाबायला मऊ चेंडू देतात, बाजूला पिशवी यंत्रावर डुलत भरत जाते. हिमोग्लोबिन बघूनच पुढची तारीख. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना दम लागायचा, म्हणून शनिवार धरायला लागलो. दारू बंद, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद. आईनं बिडाचा तवाही माळ्यावर टाकला, तो कुणी सांगितला नव्हता.

फेरिटिन खाली आल्यावर आता काही महिन्यांनी एकदा जावं लागतं. सख्ख्या भावंडांत हाच दोष असण्याची शक्यता चारात एक. बहिणीचं सॅच्युरेशन नॉर्मल आलं. भाऊ पुण्याला असतो, गणपतीला आला की त्याला उपाशीपोटी लॅबला नेणार.