तेरा ड्युट्यांची गाडी

डॉक्टरांनी चावी फिरवली, मीटर अर्धा उजळला आणि विझला. स्टार्टरने एकदा ‘टक्’ केलं, बस्स. ‘‘मागच्या महिन्यात तर झाली होती सुरू,’’ ते म्हणाले. मी बॅगेतून बॅटरीला जोडून गाडी सुरू करायचा जंपर काढला. या धंद्यात जंपर आणि टॉर्च घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

धंदा म्हणजे जुन्या मोठ्या मोटारसायकली तपासून देण्याचा. अकरा वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता स्वतःचं काम करतो. विकणाऱ्याशी माझं देणंघेणं नाही. घेणारा फी देतो, मी जाऊन गाडी उलटीपालटी करून बघतो आणि रिपोर्ट देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला, तेव्हापासून माझे फोन वाढलेत. नवी परवडत नाही म्हणून माणूस जुनी शोधायला लागतो, आणि शोधता शोधता एक पायरी वर चढतो. नव्या साडेसहाशे सीसीच्या पैशांत थोडी भर घातली की जुनी हजार सीसी मिळते, हे एकदा कळलं की मग झोप लागत नाही.

नोव्हेंबरातला शनिवार होता. दोन गाड्या बघायच्या होत्या, दोन्ही कावासाकी. सकाळी बाणेरला हजार सीसीची झेडएक्स-टेनआर, दुपारी निगडी प्राधिकरणात सहाशेच्या वर्गातली झेडएक्स-सिक्सआर. घेणारा मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, हिंजवडीत नोकरीला, मूळचा कराडचा, सध्या केटीएमची आरसी ३९० चालवणारा. फोनवर आमचं दोनदा बोलणं झालं होतं. सोबत आई येणार आहे हे मात्र तो बोलला नव्हता. त्या एसटीत कंडक्टर होत्या, कराड आगारात. रजा टाकून आल्या होत्या. पार्किंगमध्ये कव्हर काढल्यावर समोर ती हिरवी गाडी बघून एवढंच म्हणाल्या, ‘‘दिसायला हाय बाई!’’

होतीच. २०१८ साली कावासाकीने ही गाडी चाकणला जुळवायला घेतली आणि शोरूमची किंमत १२.८० लाखांवर आली. तेव्हा पुण्यात बऱ्याच जणांनी घेतल्या, त्यांतलीच ही एक. डॉक्टर दातांचे, पंचेचाळिशीचे, एकदम सरळ माणूस. कागदपत्रांची फाइल आधीच काढून ठेवलेली. मागत होते सव्वानऊ लाख. विकायचं कारण, ‘वेळ मिळत नाही’. हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की रिपोर्टात छापूनच ठेवावं.

जंपर लावून गाडी सुरू झाली आणि मीटरवर आकडा आला : ४,११२ किलोमीटर. मुलाचा चेहरा खुलला. मी कामाला लागलो.

मी आधी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून स्टिअरिंगच्या स्टॉपरवर बोट फिरवतो. गाडी जोरात आपटली असेल तर तिथला धातू दबलेला असतो. विकणारा फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक, बदलतो, हँडलच्या टोकाचे बार-एंड बदलतो, पण तिथवर त्याची नजर जात नाही. स्टॉपर कोरा. इंजिनाच्या बोल्टांना पाना लागल्याची खूण नाही. फोर्क, म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर, कोरडे. ब्रेक फ्लुइड मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं, म्हणजे आल्यापासून बदललेलं नाही. मग टॉर्च घेऊन मागच्या टायरपाशी बसलो.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. इथे २३१८ होता, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. गाडीसोबत आलेलाच टायर. नख रोवून बघितलं, रुतेना. आणि मग कडा. मधला पट्टा घासलेला, पण दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं रुंद रबर नवं कोरं, चकचकीत. कारखान्यातून येताना टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते सुद्धा तिथे तसेच उभे.

कंडक्टरबाई चष्मा लावून माझ्या शेजारी वाकल्या. ‘‘हितं घासलंच न्हाई की.’’

‘‘ताई, गाडी वळणावर जितकी झुकते तितका टायर कडेपर्यंत रस्त्याला लागतो. ही कधी झुकलीच नाही.’’

‘‘किती वर्षं झाली म्हणालात?’’

‘‘सात.’’

त्या उभ्या राहिल्या, बोटांवर काहीतरी मोजलं. ‘‘कराड-स्वारगेट जाऊन-येऊन माझे तीनशे वीस किलोमीटर होतात. म्हणजे ही सात वर्षांत माझ्या तेरा ड्युट्या चालली.’’ आणि डॉक्टरांकडे वळून, अगदी साधेपणाने, ‘‘मग घेतली कशापायी ओ?’’

डॉक्टर हसले. उत्तर दिलं नाही.

मुलाला हे आवडलं नव्हतं. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्याने मला बाजूला घेतलं. ‘‘दादा, आज सहाशे घेतली तर वर्षभरात कंटाळा येणार. मग ती तोट्यात विकून परत लिटरच, म्हणजे हजार सीसीच, घेणार. त्यापेक्षा एकदाच काय ते.’’ हे वाक्यही मी पाठ केलंय. सहाशेला कंटाळलेली माणसं मी पाहिली आहेत, नाही असं नाही. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या हजार सीसींच्या टायरांवर बहुतेक वेळा हेच दोन बोटांचं नवं रबर असतं.

‘‘आणि पॉवर मोड आहेत ना. लो वर टाकून शिकेन.’’

आहेत. लो वर टाकली की ताकद साठेक टक्क्यांवर येते. म्हणजे दोनशे घोड्यांचे पैसे मोजायचे, दोनशे घोड्यांचा टायर आणि विमा सांभाळायचा आणि चालवायचे एकशे वीस. तेवढे तर दुपारच्या गाडीत फुल मोडवरच होते.

‘‘दोनशे म्हणजे किती?’’ आईंनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘ताई, एसटीत अशोक लेलँडच्या नव्या गाड्या आल्यात ना? त्यांचं इंजिन १९७ हॉर्सपॉवरचं आहे.’’

त्या काही क्षण गप्प. गाडीकडे बघितलं, पोराकडे बघितलं. दोनशे सहा किलोची गाडी आणि वर पासष्ट किलोचं पोरगं. ‘‘ती घेऊन आम्ही सगळी शिटं भरून खंबाटकी चढतो,’’ त्या म्हणाल्या.

चक्कर मीच मारून आलो. असल्या गाड्या घेणाऱ्याच्या हातात कोणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. बालेवाडीच्या बाजूला अकरा किलोमीटर फिरलो, दुसऱ्या गियरच्या वर गेलो नाही. जायची जागाच नव्हती. ही गाडी पहिल्याच गियरमध्ये दीडशे ओलांडते. चौपदरी हायवेवर दुचाकीला कायद्याने ताशी ८० ची मर्यादा, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी. उरलं काय, तर सिग्नल. सिग्नलला इंजिनाचं तापमान १०४ वर गेलं, पंखा सुरू झाला आणि मांड्यांवर कोणी शेगडी ठेवावी तसं झालं. परत येताना एका वळणावर पांढऱ्या पट्ट्यावरून जात होतो, वेग जेमतेम चाळीस. मी ॲक्सिलरेटर किंचित उघडला आणि मागचं चाक वीतभर सरकलं. मीटरवर पिवळा दिवा लुकलुकला, चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलने सांभाळून घेतलं. सात वर्षांचं रबर, थंड. इलेक्ट्रॉनिक्स कितीही हुशार असलं तरी शेवटी ते त्याच रबरावर उभं असतं. उरलेलं अंतर मी नवशिक्यासारखा आलो.

रिपोर्टात लिहिलं : दोन टायर, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, कूलंट. अपघात नाही, इंजिन उत्तम. आणि टायरच्या रकान्यात, ‘दोन्ही कडा न वापरलेल्या.’

‘‘म्हणजे ओके ना, दादा?’’

‘‘गाडी ओके आहे.’’

त्याने तिथल्या तिथे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला. भाव पाडायला.

निगडीला पोचेस्तोवर दोन वाजले. इथला मालक चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. २०१९ ची सिक्सआर, २३,४६० किलोमीटर. मी बॅग ठेवायच्या आतच त्याने डाव्या बाजूचे ओरखडे दाखवले. ‘‘ताम्हिणीत पडलो होतो, पावसात. इंजिन वाचवायला लावलेल्या स्लायडरवर पडली, बाकी काही नाही.’’ स्टॉपर बघितला, खरं बोलत होता. पण बाकी यादी वाढतच गेली. उजव्या फोर्कचं सील पाझरतंय. चेन ताणलेली, स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पाठीसारखे झालेले. पुढच्या डिस्क मर्यादेजवळ. क्लचच्या लिव्हरला खेळ जास्त. टायर तिसरा जोड आणि तोही संपत आलेला, पण पार कडेपर्यंत एकसारखा संपलेला, मधेही आणि बाजूलाही. असा टायर बघितला की मला त्या माणसाशी गप्पा माराव्याशा वाटतात. मी खर्च काढला, पासष्ट हजारांच्या आसपास. मुलाचं तोंड उतरलं. सकाळी रिपोर्टात चार ओळी, इथे पान भरलं.

आईंचं उलटंच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, ‘‘ही रूटवरची गाडी हाय. डेपोत उभी राहिलेली गाडी काढली ना, पहिल्या घाटात बोंब असते बघा.’’

यात तथ्य आहे. मुलगा मात्र आता दुसऱ्या टोकाला गेला होता. ‘‘चला, सहाशे म्हणजे निदान आरामशीर तरी.’’

इथे मला थांबवावं लागलं, कारण ही चूक फार जण करतात. कावासाकीचीच निंजा ६५० घ्या. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ८,००० आरपीएमला साधारण ६८ घोडे, सीटची उंची ७९० मिलिमीटर, हँडल वर. ही सिक्सआर ६३६ सीसी, म्हणजे तिच्याहून तेरा सीसींनी लहान. पण चार सिलिंडर, १३,५०० आरपीएमला १३० घोडे, सीट ८३०, आणि बसणं असं की सातारा येईपर्यंत मनगटं बोलायला लागतात. सीसी जवळजवळ तेच, ताकद जवळजवळ दुप्पट. ‘मिडलवेट’ म्हणून दोघी एकाच रांगेत उभ्या करतात, पण एक रोजच्या कामाची आहे आणि दुसरी रेसिंगसाठी जन्मलेली, नंबरप्लेट लावलेली. दर पंधरा दिवसांनी पुणे-कराड एवढंच करायचं असेल तर मी त्याला निंजा ६५० सांगितली असती. खरं तर तेव्हा सांगितलीच. त्याने ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही.

मालक म्हणाला, ‘‘मारून बघ एक चक्कर. आरसीची चावी आणि लायसन ठेव इथे.’’ कोणी असं करत नाही. मला वाटतं, आई सोबत होती म्हणून केलं. आईंनी हेल्मेटचा बंद स्वतः ओढून बघितला.

वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं आवाज लांबवर ऐकू येत होता, मग तोही गेला. मालक घरातून चहा घेऊन आला, आईंनी कप हातात धरून ठेवला आणि प्यायल्या नाहीत. मीही घड्याळ बघत होतो, उगाच कशाला खोटं बोलू.

तो आला, गाडी बंद केली आणि हेल्मेट न काढताच बसून राहिला. मग काच वर केली.

‘‘सहा-सात हजारपर्यंत माझ्या आरसीसारखीच वाटली. म्हटलं, एवढंच? म्हणून जरा पुढे...’’ तो थांबला. ‘‘दादा, अजून सेकंड गियरमध्येच होतो.’’

‘‘किती दिसलं मीटरवर?’’

त्याने आईकडे बघितलं आणि सांगितलं नाही.

हीच तर या गाडीची खोड. खाली गरीब गाय, दहा हजारांच्या वर वेगळीच. पण तिथवर तुम्हाला स्वतःहून जावं लागतं, गियर पाडून, इंजिन ओरडवून. ती वाट चालताना माणसाला काहीतरी कळतं. हजार सीसीत मनगट हललं की तुम्ही तिथे पोचलेलेच असता.

सात लाखांवरून सौदा सहा लाख तीस हजारांवर आला. तो मुलाने केला नाही. आईंनी माझी यादी हातात धरून एकेक ओळ मोठ्याने वाचली, प्रत्येक ओळीनंतर मालकाकडे बघितलं. फोर्क सील. चेन. डिस्क. शेवटी तोच म्हणाला, ‘‘काकू, बास.’’ माझी फी त्यांनी रोख दिली, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजून. मला अजूनही वाटतं, त्या पोराने साडेसहाशे घ्यायला हवी होती. पण गाडी सोमवारी त्याच्या नावावर करायला टाकली.

त्याच शनिवारी रात्री साडेनऊला डॉक्टरांचा फोन. मला वाटलं, रागावले असणार.

‘‘तुमचा रिपोर्ट वाचला. त्या ‘न वापरलेल्या कडा’ म्हणजे नक्की काय?’’

सकाळी त्या बाईंना सांगितलं तेच सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मागे टीव्हीचा आवाज.

‘‘मी खाली जाऊन बघितलं आत्ता. टॉर्च लावून,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्याकडे याआधी निंजा ३०० होती. तिचे टायर मी दोनदा बदलले होते.’’

मी काही बोललो नाही.

‘‘एखादी चांगली साडेसहाशे बघण्यात आली तर कळवाल? तपासायला तुम्हीच या. या वेळी घेणारा मी.’’

हो म्हटलं, फी सांगितली, आणि तोवर हिची बॅटरी तरी चार्जरला लावून ठेवा म्हणालो.