शिरोलीतला पीएफ उद्यमबागेत आणताना

भिशी, पिग्मी, सोनं आणि जमलंच तर गुंठाभर जागा, आमच्या बेळगाव भागात बचत म्हटली की एवढंच डोळ्यांसमोर येतं. पगारदाराकडं आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पीएफ. पण चाळिशी येईपर्यंत तिकडं सहसा कुणी बघत नाही.

सीमाभागातल्या बऱ्याच पोरांसारखी माझी पहिली नोकरी कोल्हापूरकडं, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, 2005 ते 2011. मग लग्न झालं, आईवडील थकले, म्हणून येळ्ळूरला परत आलो आणि उद्यमबागेत मशीन शॉपला लागलो. राज्य बदललं, पीएफचं ऑफिस बदललं, खातं नवीन निघालं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, तेव्हा नव्हताच, तो 2014 मध्ये आला. जुनं खातं तिकडंच राहिलं.

सोबतच्या काहींनी जुना पीएफ काढून घरावर पत्रे घातले. गरज समोर असते, त्यांना नावं ठेवणार नाही. पण मला आमच्या एचआरच्या सरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात, तेही 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत. पेन्शन म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला पगाराची मर्यादा 6,500 ची, म्हणजे शिरोलीची सहा वर्षं वयाच्या 58 नंतर महिन्याला साधारण 557 रुपयांची. जन्मभर. "काढू नका पाटील, जोडून घ्या," ते म्हणाले.

जोडायला गेलो आणि नावावर अडलो. महाराष्ट्रातल्या खात्यात माझं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहिलेलं. इकडच्या खात्यात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आडनावाचं स्पेलिंगही कन्नड कागदावरून इंग्रजीत येताना बदललेलं. कॉम्प्युटरला ही दोन माणसं. सीमेवरच्या कष्टकऱ्याचा पैसा असा एका अक्षरावरून अडकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रम महत्त्वाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे आधी आधार दुरुस्त केलं, मग पॅन, मग बँक, शेवटी यूएएन. जुनी फौंड्री बंद पडलेली, त्यामुळं जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे कामगार आणि कंपनीनं मिळून द्यायच्या दुरुस्तीच्या अर्जावर, सही कुणाची, हा प्रश्न आला. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजर यांची सही चालते. जुना पीएफ नंबर सापडला तो आईनं ट्रंकेत जपलेल्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर. तिचे उपकार कसे फेडू?

ट्रान्स्फर झाल्यावर पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यात शून्य! पोटात गोळाच आला. नंतर कळलं की पेन्शनची रक्कम त्या रकान्यात येत नाही, फक्त नोकरीची वर्षं नव्या खात्याला जोडली जातात. ती जुन्या ऑफिसकडून नव्या ऑफिसला जाणाऱ्या अ‍ॅनेक्शर के या कागदात असतात. तो कागद मागून घ्या आणि सर्व्हिस हिस्टरीत जुन्या नोकरीच्या तारखा बरोबर आहेत का बघा.

त्याच बैठकीत नॉमिनेशनही केलं. लग्नानंतर ते नव्यानं करावं लागतं, आणि आमच्या शॉपमधल्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नाही. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर ईडीएलआयमधून, म्हणजे पीएफसोबतच्या विम्यातून, घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळू शकतात, त्यासाठी आपल्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही.

मग बाकीच्या पैशांकडं बघितलं. वडिलांची ठेव एका सहकारी पतसंस्थेत, आमच्याकडच्या भाषेत सोसायटीत, होती. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. मुदत संपताच ती पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत नेली. दर तीन महिन्यांनी व्याज येतं, खताचा आणि औषधांचा खर्च त्यातून निघतो. मुलगी दहाची व्हायच्या आत सुकन्या खातं उघडलं. आईची पिग्मी मात्र चालूच ठेवली. तेवढीच तिच्या हातातली रक्कम.

आता बायकोचे कागद काढलेत. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नाआधीच्या नोकरीचा पीएफ माहेरच्या नावानं. विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी अर्ज दिलाय. तो हातात आला की तिच्या पॅनपासून सुरुवात करणार.