सा एकच, कॉर्ड मात्र अनेक

गुरुवार, रात्र

जो हॅरियट आणि जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ स्वीट’ (१९६६) ही भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणणारी रेकॉर्ड आज पुन्हा लावली. हॅरियट जमैकातल्या किंग्स्टनचा, १९५१ साली लंडनला आलेला अल्टो सॅक्सोफोनवाला. मेयर कलकत्त्याचे संगीतकार. सतारीवर दिवाण मोतिहार. आणि तबल्यावर आपले केशव साठे, १९५६ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेले. ब्रिटिश जॅझच्या गप्पांत हे शेवटचं नाव क्वचितच निघतं.

खरी अडचण ‘सा’ या स्वरापासून सुरू होते. तबला एका स्वरात लावलेला. पियानो आणि बास दर काही मात्रांनी नव्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर) सरकले, की तबल्याची चाट (कडेवरचा ठोका) बेसूर वाटू लागते. म्हणून सा धरून बसायचं, म्हणजे जॅझवाल्याच्या पायाखालची कॉर्डची शिडीच काढून घ्यायची. हॅरियटने १९६० मध्येच ‘फ्री फॉर्म’ या रेकॉर्डसाठी ती शिडी सोडून पाहिली होती. या कामाला तोच का, हे तिथे कळतं.

त्यात अल्टो ‘ई फ्लॅट’चं वाद्य: बोटं ‘सी’ची, वाजतो ‘ई फ्लॅट’. सतारीचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल, तर सॅक्सवर बोटं काळी पाचची पडतात. वर ‘मुलतानी’सारखा राग (१९६७च्या ‘इंडो-जॅझ फ्युजन्स’मध्ये आहे): रे, ग, ध कोमल, म तीव्र, आणि आरोहात रे-ध वर्ज्य. जॅझवाल्याचा हात सरळ चढ-उताराच्या सरगमला सरावलेला. चढताना रे लागला, की मुलतानी संपून तोडीचं दार उघडतं. स्वर लिहून देता येतात, चलन, म्हणजे रागाची चाल, कशी लिहून देणार?

लयीचा घोळ वेगळाच. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, मात्रेचे दोन भाग लांब-आखूड, तबल्याची दुगुन (एका मात्रेत दोन बोल) मात्र समसमान. मात्रेतला दुसरा ठोका ड्रमसेटच्या झांजेवर जरा उशिरा, तबल्यावर वेळेवर. दोन्ही एकत्र आले की अडखळल्यासारखं ऐकू येतं. कुणीतरी एकानं मोडतं घ्यावंच लागतं. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चार मात्रांच्या चार बारमध्ये (पाश्चात्त्य तालखंडांत) चपखल बसतात, पण ‘खाली’ (तालाचा रिकामा भाग) हा प्रकार ड्रमसेटला माहीतच नाही. ‘तिं तिं ता’ला डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा थांबतो आणि नेमका तिथेच पायाचा मोठा ड्रम दणकला, तर खालीची भरी होते.

हेडफोन लावून सॅक्सकडे दुर्लक्ष करायचं. दहाव्या मात्रेला डग्गा गप्प आहे का, एवढंच पाहायचं.