आमची वाटचाल: शंभराला तीस पैसे

आमचं ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधला टू बीएचके, हॉलमध्ये चार टेबलं आणि किचन फक्त चहापुरतं. २०२१ ला आम्ही दुसऱ्यांची ॲप बनवून द्यायचो, त्यात क्रिप्टो वॉलेटची दोन-तीन कामं झाली आणि मग वाटलं की स्वतःचंच काढू. काढलं, लोकांनी डाउनलोडपण केलं, पण फुकटच्या वॉलेटला पैसे कोण देणार? भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

रस्ता सापडला थॉरचेनवर, म्हणजे एक क्रिप्टो नाणं देऊन दुसरं घ्यायचं नेटवर्क, मधे कुठली कंपनी नाही. समजा तुमच्याकडे बिटकॉइन आहे आणि हवंय इथर हे दुसरं नाणं, तर तिथे बिटकॉइन-रून आणि इथर-रून असे दोन पूल असतात (रून हे थॉरचेनचं स्वतःचं नाणं, आणि पूल म्हणजे दोन नाण्यांचं तळं, मुठेवरचा नाही), तुमचं बिटकॉइन एकात जातं, मधे त्याचं रून होतं आणि दुसऱ्यातून इथर निघतं. हे सगळं चालतं ट्रान्झॅक्शनसोबत जाणाऱ्या एका ओळीच्या मेमोवर. काय हवं, कुठल्या ॲड्रेसवर, कमीत कमी किती, आणि शेवटी ज्याच्या ॲपमधून गिऱ्हाईक आलं त्याचं नाव आणि वाटा. वाटा बेसिस पॉइंटमध्ये, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. आम्ही ३० ठेवले, लाखाला ३०० रुपये. १००० पर्यंत, म्हणजे १० टक्के लावायची मुभा आहे, पण ते म्हणजे स्टेशनवर परगावचा माणूस बघून रिक्षावाल्याने भाडं सांगावं तसं.

पहिली फी आली ती दोन चहा आणि एका क्रीमरोलची. पार्टनरने स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, त्याची आई म्हणाली, छान रे, पण पगार कधी?

मग काही महिन्यांनी लक्षात आलं की इथर देऊन बिटकॉइन घेणाऱ्यांची फी येतेय आणि उलट बाजूची शून्य. आख्खी रात्र कोड उपसला. बिटकॉइनच्या ट्रान्झॅक्शनमध्ये मेमोला तेव्हा जागा ८० बाइटची, म्हणजे ८० इंग्रजी अक्षरांची, त्यात इथरचा ॲड्रेसच ४२ अक्षरांचा, आणि पार्टनरने हौसेनं कंपनीचं आख्खं सोळा अक्षरी नाव रजिस्टर केलेलं. ओळ मावली नाही की आमचाच कोड म्हणायचा, ऐच्छिक भाग गाळा, आणि ऐच्छिक भाग म्हणजे आम्ही! गिऱ्हाइकाचा स्वॅप, म्हणजे नाण्यांची अदलाबदल, नीट व्हायचा म्हणून तक्रार कुणाचीच नाही. दुसऱ्या दिवशी तीन अक्षरांचं नाव घेतलं, इथरसाठी नुसतं 'ई' लिहायची सोय होती ती वापरली आणि गल्ला सुरू झाला. गेलेले पैसे गेले, ते कुणाकडे मागणार.

आमचे काही बाहेरचे साथीदार आहेत, एक पोर्टफोलिओ ॲपवाला, दोन यूट्यूबवाले, ते माणसं पाठवतात आणि फीत वाटा घेतात. आधी महिनाअखेरीला एक्सेल उघडून हिशोब करायचो आणि त्यावरून हमखास भांडण, कारण फी यायची रूनमध्ये, मग रूनचा भाव कुठल्या दिवसाचा धरायचा? आता एकाच मेमोत पाचपर्यंत नावं आणि ज्याचे त्याचे पॉइंट लिहिता येतात, वाटणी चेनवरच होते, मी मधे नाही. फक्त परत तेच ८० बाइट आडवे यायचे, म्हणून नवीन साथीदाराला पहिलं वाक्य हेच असायचं की बाबा, नाव दोन अक्षरी घे.

रूनचा आणखी एक ताप होता. फी आली त्या दिवसाचा भाव धरून सीएंनी ती उत्पन्नात दाखवली, पुढे रून पडलं, आणि २०२२ पासूनच्या नियमात विकून फायदा झाला तर ३० टक्के टॅक्स आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा नाही. म्हणून थॉरचेनवरच्या आमच्या नावाला यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं जोडलं, ठरावीक रक्कम साठली की रूनचं आपोआप यूएसडीसी होऊन येतं. हे आधीच करायला हवं होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जवळपास दीड अब्ज डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि त्यातलं बरंचसं इथर याच थॉरचेनवरून बिटकॉइन झालं. वाटेतल्या काही इंटरफेसना, म्हणजे आमच्यासारख्याच ॲपवाल्यांना, त्यावर फीपण मिळाली. पार्टनर म्हणाला, प्रोटोकॉल, म्हणजे थॉरचेन, कुणाला अडवत नाही तर आपण कोण? मी म्हटलं, प्रोटोकॉलला आई नाहीये, आपल्याला आहे. दोन दिवस बोलणं बंद होतं. मग चोरीच्या पैशाचे ॲड्रेस तपासणारी सर्व्हिस घेतली, तिचं बिल फीतूनच जातं आणि ते दर महिन्याला खुपतं.

परवा एकाचा मेल आला, थेट मेमो लिहून पाठवला तर तुमचे ३० वाचतील ना? मी कळवलं, हो वाचतील, फक्त ॲड्रेस दोनदा बघा. संध्याकाळी बघितलं तर त्याने स्वॅप आमच्याच ॲपमधून केला होता.